वाचून दाखवलेला आकडा

शेजारच्या कामेरकर वहिनींना माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन मी का टाळते, भावाशी का बोलत नाही, आईच्या शेवटच्या वर्षात तिच्यावर किती खेकसले — सगळं. हे मात्र माहीत नाही. हे कुणालाच माहीत नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हे बाजूला ठेवते. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि — नको, कारणं नकोत. सांगते.

पण आधी दिघे सर कोण ते सांगायला हवं.

तेविसाव्या वर्षी मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. सर माझे सीनियर. कंपनीत युनिक्सचं एकच मोठं मशीन होतं आणि त्यावर बसायला आमची रांग लागायची. मग पीसी आले. साहेबांनी सरांना सांगितलं, युनिक्सवरचं 'मेक' पीसीवर आणा, म्हणजे सगळे तिथेच काम करतील. मेक हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं अवजार. एका प्रोग्रॅमच्या पन्नास फायली असतात. त्यातली कुठली बदलली हे मेक तारीख-वेळ बघून ठरवतं आणि तेवढाच भाग नव्याने तयार करतं. एक भाकरी करपली म्हणून आपण सगळी चळत पुन्हा थापत नाही ना, तसंच. मेकचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हातात होता, आणि त्याचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारा सी भाषेचा कंपायलर पीसीवर होता. सर म्हणाले, पंधरा दिवसांचं काम. चार महिने झाले तरी ते कधी बरोबर चालायचं, कधी जुन्या फायलीला नवी समजायचं. बड्या लोकांसमोर दाखवायच्या दिवशी नेमकं चुकलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले की माणसाने आपल्या कुवतीबाहेरचं काम अंगावर घेऊ नये. त्यानंतर सरांना मॅन्युअलं लिहायला बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी मॅन्युअलंच लिहिली.

मी त्या खोलीत होते. सरांनी फ्लॉपी खिशात घातली आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यानंतर मी — हे तरी नीट सांगता येईल का मला? त्यांचं लग्न झालेलं होतं, मुलगी होती. मी कधी काही बोलले नाही. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की मी आईचं दुखणं सांगते, आणि ते अर्धंच खरं आहे.

मग तीस वर्षं गेली. आई गेली. सरांच्या पत्नी गेल्या. ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न मुलुंडला होतं, तिथे आइस्क्रीमच्या टेबलाशी सर भेटले. माझ्यासारखेच घाटकोपरला राहत होते. नजरेच्या मधोमध धूसर झालं होतं, कडेकडेचं दिसायचं. मेकच्या सोर्सचा जुना छापील गठ्ठा अजून कपाटात आहे, म्हणाले. मग वाटी खाली ठेवून म्हणाले,

"मरायच्या आधी एकदा चालवायचंय ते. त्याच कंपायलरवर. तू बसशील का गं?"

मला विचारलं! मी तर त्या गठ्ठ्याबरोबर रद्दीतसुद्धा गेले असते.

असे आमचे बुधवार सुरू झाले. माझ्या लॅपटॉपमध्ये जुना पीसी भासवणारं एक सॉफ्टवेअर घातलं, त्यात तो कंपायलर बसवला. सर चारच्या सुमाराला बसने यायचे, पिशवीत मेथीचे खाकरे. सोर्स मी टाइप केला, पानामागून पान, आणि ते शेजारी बसून सांगायचे की ही ओळ पीसीसाठी त्यांनी कुठल्या दिवशी बदलली. पडद्यावरचं त्यांना वाचता यायचं नाही. मी वाचायचे, ते ऐकायचे, डोळे मिटून. टेबलावर मी नवा दिवा आणला — कुणासाठी? ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्यासाठी! मी इस्त्रीची साडी नेसले की वहिनी दारातूनच म्हणायच्या, "आज बुधवार वाटता गो?" मी रागवायचे आणि आत जाऊन आरशात बघायचे.

मेक तेव्हासारखंच वागत होतं. आम्ही बसलेलो असेपर्यंत बहुधा ठीक, आणि पुढच्या बुधवारी उघडावं तर सगळं उलटंपालटं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी, दूध गॅसवर असताना, मला चूक सापडली. फायलीची वेळ आणून देणारं एक फंक्शन होतं. ते मोठा आकडा आणून द्यायचं, पण जिथून ते बोलावलं होतं तिथे ही गोष्ट आधी सांगितलेलीच नव्हती. न सांगितलं तर कंपायलर धरून चालतो की साधाच आकडा येणार. युनिक्सच्या मशीनवर साधा आणि मोठा आकडा एकाच मापाचे, म्हणून तिथे कधी अडलं नाही. पीसीवर साधा आकडा निम्म्या मापाचा. मोठ्या आकड्याचा वरचा अर्धा भाग कापला जात होता, एवढंच. सोर्सच्या सुरुवातीला तसं सांगणारी एक ओळ घातली. मेक चाललं. आठवड्यापूर्वीच्या फायली, महिन्यापूर्वीच्या फायली, सगळ्या बरोबर ओळखल्या. दूध उतू गेलं होतं आणि मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग मी ती ओळ पुसून टाकली.

का, ते तुम्हांला कळलं असेल. काम झाल्यावर सर कशाला आले असते? आणखी दोन बुधवार, मी स्वतःला म्हटलं. मग म्हटलं, पाडवा होऊ दे. सर म्हणायचे की पीसी फायलींची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी धरतो, गोंधळ तिथेच असणार. मी म्हणायचे, हो सर, तिथेच असणार. त्यांनी त्या दोन सेकंदांपायी दीड महिना घालवला. मी खाकरे खाल्ले.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, बाई एकटी होती, गप्प राहिली, चालायचंच. पण मी नुसती गप्प राहिले नाही. ते पुढचं आहे.

मे महिन्यातला बुधवार होता. सर आल्या आल्या म्हणाले, अंदाज पुरे, मेकला प्रत्यक्ष काय वेळ मिळते आहे ती पडद्यावर छापूनच बघू. इतकी साधी युक्ती — नाही कशी म्हणणार? मी टाइप केलं. चालवलं. पडद्यावर आलं, उणे वीस हजार पाचशे अकरा. फायलीची वेळ उणे कशी असेल? आणि इतकी लहान? मशीन वेळ एकोणीसशे सत्तरपासूनच्या सेकंदांत मोजतं, म्हणजे आकडा दहा आकडी यायला हवा. ते नुसतं त्यांच्या कानावर पडलं असतं तरी मिनिटभरात त्यांनी टेबलावर हात आपटला असता. तीस वर्षांनी, स्वतःच्या डोक्याने, त्यांना ते सापडलं असतं. ते पडद्याकडे तोंड करून बसले होते. आकडा त्यांच्यापासून हातभर लांब होता.

"वाच गं," ते म्हणाले.

मी वाचला. दहा आकडी. एकेक आकडा सावकाश, स्पष्ट, मनाने रचून. त्यांनी जाड मार्करने वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या फायलीचा विचारला, मी तोही रचला, थोडा मोठा. त्यांनी वही नाकाशी धरून वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि म्हणाले की वेळ तर बरोबर येते आहे, म्हणजे दोन वेळांची तुलना आपणच चुकीची लिहिली. अख्ख्या गठ्ठ्यात तेवढाच भाग त्यांनी स्वतः लिहिलेला होता. त्यात काहीही चूक नव्हती. पुढचे तीन महिने ते तो भाग मोडत राहिले आणि मी ते मोडलेलं टाइप करत राहिले.

माझा आवाजसुद्धा हलला नव्हता. ते मला अजून कळत नाही — आवाज का हलला नाही?

गणपतीच्या आधीच्या बुधवारी त्यांनी वही मिटली. रडले वगैरे नाहीत. खाकऱ्याचा तुकडा मोडत साध्या आवाजात म्हणाले,

"साहेब चुकीचे नव्हते गं. माझी कुवतच नव्हती. उगाच इतकी वर्षं त्यांना शिव्या घातल्या."

ती ओळ माझ्या जिभेवर होती. पण सांगायचं तर कधीपासून माहीत आहे तेही सांगावं लागलं असतं. आणि का लपवलं ते. मी विचारलं, सर, चहा टाकू? ते म्हणाले, नको, बस जाईल. पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ज्यांना धरून ठेवायला मी हे केलं, ते त्यामुळेच गेले. गठ्ठा रद्दीत दिला, असं फोनवर सांगितलं. मग लेकीकडे नाशिकला राहायला गेले.

याला बरीच वर्षं झाली. अजून बुधवारी चारला माझे कान जिन्याकडे लागतात. मला ते टेबल हवं आहे, ती मिटलेल्या डोळ्यांनी ऐकण्याची तऱ्हा हवी आहे, इतकी हवी आहे की या वयात सांगायची लाज वाटते.

या दिवाळीत त्यांचा फोन आला. आता कडेचंही दिसत नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मध्येच म्हणाले, "नीला, ते मेकचं तुला पुढे कधी सापडलं का?"

"नाही सर," मी म्हटलं.

"तुलाही नाही ना? बरं," ते म्हणाले. मग गुडघ्याचं विचारलं.

फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. हो, हायसंच.

सर अजून आहेत. डोळे गेले, पण ऐकू स्वच्छ येतं. मी सांगितलेलं नाही.