आर्डिथचं नाक

आमच्या ऑरेगनमधल्या या डोंगरगावात कायदेशीर गांजाची पाच दुकानं आहेत आणि धड बेकरी एकही नाही. कोणत्या दुकानातला कोणता वाण घ्यावा, हे विचारायला लोक आधी माझ्या मेहुण्याच्या अंगणात येतात. डेल्बर्टनं जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले. आता तो कळी बोटांत चुरडतो, हुंगतो, एक झुरका घेतो आणि सांगतो, "हा झोपवेल," किंवा "हा फ्रीज रिकामा करेल."

माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आर्डिथला, त्या वासाचा मनस्वी तिटकारा. कायदा बदलला, आर्डिथ बदलली नाही. बर्फ पडो की पाऊस, ओढायचं ते बाहेर पोर्चवर.

दर ऑक्टोबरला दुकानदार मिळून स्पर्धा घेतात. डोळे बांधून बरण्या हुंगायच्या, वाण आणि दुकान ओळखायचं. बक्षीस म्हणजे एक तांब्याचं पातेलं. कित्येक वर्षं ते डेल्बर्टच्याच भिंतीवर आहे, आणि त्याचा तोरा काय सांगावा! यंदा मात्र पोर्चवर भिजून त्याचं नाक साफ चोंदलं.

"पातेलं पुसून ठेव रे," स्पर्धेत उतरलेला, खिडक्या बसवणारा वेंडेल त्या दिवशी सभागृहात सगळ्यांदेखत म्हणाला. "नाहीतर घरच्या कुणाला तरी बसव तुझ्या जागी!"

सगळे आर्डिथकडे बघून खो खो हसले. मला रागच आला. आर्डिथनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि स्वतःच डोळ्यांना रुमाल बांधला.

"उघडा बरण्या. लांब धरा जरा. शी! ब्लू बेअर, पुलाजवळचं दुकान. यानं आमचा हा खुर्चीतच घोरतो."

बरोबर.

"लेमन पाय, पेट्रोल पंपामागचं. यावर गातो. सुरात नाही, पण गातो."

तेही बरोबर. तिसऱ्या बरणीला ती थबकली. "रेड बार्न, चर्चसमोरचं. डेल्बर्ट, हा तू सोडला होतास ना? मग रविवारी कोटाला काय शेकोटीचा वास होता?"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. डेल्बर्ट छताकडे बघत बसला. वेंडेलच्या दोन बरण्या चुकल्या, आर्डिथची एकही नाही.

घरी येताना मी विचारलं, "तुला तर किळस येते ना गं?"

"येतेच. पण दारात त्याचा कोट मीच घेते. आज गाणार की घोरणार, आधी कळलेलं बरं असतं."

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस होता. डेल्बर्ट शिंकत शिंकत सवयीनं पोर्चकडे निघाला. आर्डिथनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"बस इथेच, आत. पण लेमन पाय असेल तरच."

डेल्बर्टनं खिशातली डबी काढली, जोर लावून हुंगली. काही कळेना. मग त्यानं ती निमूटपणे तिच्या नाकापुढे धरली.