गिरणीच्या पायरीवरून

माझ्या गावात प्राणी कमी का दिसतात, हा त्या गेमच्या प्रश्नोत्तरांच्या पानावरचा अगदी वरचा प्रश्न. उत्तर असं की जिथे खेळणारी माणसं जास्त, तिथे प्राणी जास्त. म्हणजे तिथेही ज्याच्या घरी वर्दळ, त्याच्याच घरी पाहुणे. कुंभार पिंपळगावात हा गेम खेळणारी मी एकटीच होते. चौतीस वर्षांची, ब्लाउज शिवून देणारी बाई. आठवड्यातून एखादा प्राणी फोनच्या पडद्यावर चुकून माझ्या शिलाई मशीनवर येऊन बसायचा आणि मी त्याला पकडायचेही नाही. मला प्राण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी तो गेम माझ्या थोरल्या भावासाठी ठेवला होता.

भाऊनेच तो माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. फोन हातात घेऊन खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरून चालायचं, नकाशावर दिसतील ते प्राणी पकडायचे. देऊळ, पुतळा, बागेचं फाटक अशी काही ठिकाणं ठरलेली असतात. तिथे पडद्यावरची चकती बोटाने फिरवली की एक भेट मिळते. ती आपल्यासाठी नसते, मित्राला पाठवायची असते. त्याने ती उघडली की त्याला त्या ठिकाणाचा फोटो दिसतो, आणि पाठवणाऱ्याने सोबतीला घेतलेला प्राणीही दिसतो. एवढाच गेम मला कळायचा आणि तेवढा मला पुरायचा.

भाऊ जालन्यात एका कॉलेजात तासांवर शिकवायचा. तास संपले की जुन्या जालन्याच्या गल्ल्यांमधून फोन धरून हिंडायचा. एकदा आबा, म्हणजे आमचे वडील, कापड घ्यायला मला बरोबर घेऊन तिकडे गेले. दुकानाच्या पायरीवरून आम्हाला समोर भाऊ दिसला. सात-आठ शाळकरी पोरांच्या घोळक्यात, फोनवर बोट फिरवत, हसत उभा होता. आबा खाली उतरले.

"काय करून राह्यला तू हे? चाळिशीला आलास, लेकरू झालास का?"

आणि त्यांनी भर रस्त्यात त्याच्या मुस्काटात मारली. फोन हिसकावून नाल्यात टाकला. दुकानाचे शेठ गादीवरून उठून बाहेर आले होते. पोरं पळाली. भाऊने गाल चोळलासुद्धा नाही. वाकून नाल्यातून फोन काढला, शर्टाला पुसला आणि निघून गेला. त्या महिन्यातच त्याने नोकरी, खोली, जालना सगळं सोडलं. त्याचा नंबर बंद झाला. माझा नंबर त्याच्याकडे होता, पण त्याने कधी फोन केला नाही. मला आबांचा राग आला होता, आणि मी तिथे तोंडातून चकार शब्द काढला नाही याचा त्याहून जास्त.

तीन आठवड्यांनी माझ्या फोनवर एक भेट आली. सुरतेच्या कुठल्याशा बागेचं फाटक. मी मशीनवर डोकं टेकून रडले. मग धुणं टाकून महादेवाच्या देवळात गेले. आमच्या गावात ते एकच ठिकाण होतं. दीपमाळेपाशी उभं राहून चकती फिरवली आणि मिळालेली भेट त्याला पाठवली. पुढे चार वर्षं आमचं हेच चाललं. त्याच्याकडून सुरत, मग हुबळी, मग कोइमतूर. माझ्याकडून रोज तीच दीपमाळ. महिन्यातले चार दिवस मी देवळात जात नसे, तेव्हा भेट जायची नाही. तो त्याच घरात वाढलेला, त्याला ते कळत होतं. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, पोरगी देवभोळी झाली.

मग चैत्रात एका सकाळी आबांच्या हातातला चहाचा कप गळून पडला. उजवी बाजू गेली. जालन्याला दवाखान्यात आठ दिवस काढून घरी आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आई कधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी आबा म्हणाले, "त्याला बोलव." जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द निवडून काढत होते. "माझं चुकलं. चारचौघात हात उचलला मी. त्याला म्हणाव, मोबाईल घेऊन ये. मला दाखव म्हणाव, काय हाय त्यात."

हे बोलायला त्यांना पाव तास लागला. मी त्यांची लाळ पुसली आणि बाहेर येऊन पुन्हा ते पान उघडलं. ते इंग्रजीत होतं. फोनच त्याचं मराठी करून द्यायचा, आणि ते मराठी वाचताना डोकं धरावं लागायचं. मोटारसायकलवरून फिरलं तर अंडं उबतं का. नाही, हळू चालावं. दोघांनी मिळून एक खातं वापरावं का. नाही. मित्राला निरोप कसा पाठवावा. तशी सोय ठेवलेली नाही, सुरक्षेसाठी. एवढ्या शंका जगाला पडतात, पण आपला भाऊ कोइमतुरात नेमका कुठे असेल हे कुणी विचारलेलं नव्हतं. अगदी खाली एक प्रश्न सापडला. सोबतीच्या प्राण्याला मी दिलेलं नाव मित्रांना दिसतं का? दिसतं. बारा अक्षरांपर्यंत नाव देता येतं.

माझा सोबती म्हणजे एक हिरवा, फुगलेल्या गालांचा, बेडकासारखा प्राणी. मी त्याचं नाव ठेवलं: आबा आजारी ये. फोन काना-मात्रेलाही वेगळं मोजत होता, तरी बरोब्बर बारात बसलं. आता फक्त भेट पाठवायची होती. त्या दिवसाची मी सकाळीच पाठवून बसले होते. उद्या, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भावकीतली म्हातारी गेली. आबांच्या चुलत्याची बायको, नव्वदी ओलांडलेली. सोन्यासारखं मरण, सगळे म्हणाले. आम्हाला दहा दिवसांचं सुतक लागलं. आबांनी खाटेवरून डावं बोट उचललं. "देवळाची पायरी चढू नको. दहा दिवस."

त्याच वेळी एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. ज्या गेमपायी त्यांनी लेकाला मारलं, तो मी चार वर्षं त्यांच्या नाकाखाली खेळत होते, हे सांगायची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती होती. वडील असे पडलेले, त्यात देवाचं काही चुकलं तर?

दुसरं ठिकाण तीर्थपुरीत होतं. तेही देऊळच. जालन्यात रस्त्यारस्त्याला ठिकाणं, पण जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि आबांना कुशीवर वळवायला दर दोन तासांनी मी लागायचे. भाऊच्या भेटी येत होत्या. कोइमतूरचा एक पूल. कोइमतूरचं एक कारंजं. मी त्या उघडत होते आणि परत पाठवायला माझ्याकडे काही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी शेजारच्या गुरवीण काकूंच्या हातापाया पडले. माझा फोन देवळात न्या, म्हटलं, चकती दिसेल, तेवढी बोटाने फिरवा. काकूंनी आधी फोनवर गोमूत्र शिंपडलं, मग पदराच्या टोकाने धरून नेला. अर्ध्या तासाने परत आल्या. फोनवर बेलाचं पान ठेवलेलं.

"दाखवला देवाला. चांगला पिंडीसमोर ठिवल्ता. आबाला बरं वाटंल आता."

पडदा कधीच विझला होता. चकती कुणीच फिरवली नव्हती.  हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पुन्हा विनवलं तर म्हणाल्या, आमचे हे रागावले, सुतकातली वस्तू गाभाऱ्यात आणली म्हणून.

पाचवा दिवस, सहावा, सातवा. आबा सकाळ-संध्याकाळ एकच विचारायचे, "काही कळलं का?" मी म्हणायचे, निरोप धाडलाय. खोटं बोलत होते. त्यांचा आवाज रोज थोडा आत जात होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहायचे आणि ते पान पुन्हा वाचायचे, पोथी वाचावी तसं, पहिल्यापासून.

आठव्या दिवशी सकाळी, शंभरदा नजरेखालून गेलेल्या एका प्रश्नावर थांबले. ठिकाणाच्या किती जवळ जावं लागतं? उत्तर: आत जाण्याची गरज नाही, साधारण ऐंशी पावलांवरूनही चालतं. चार वर्षं मी रोज आतच जात होते, म्हणून मला त्या प्रश्नाची कधी गरज पडली नव्हती.

काकूंना आबांजवळ बसवलं आणि पळत सुटले. देवळासमोर, रस्त्याच्या या बाजूला पिठाची गिरणी आहे. तिच्या पायरीवर उभी राहिले आणि फोन काढला. चकती उघडली. बोट लावताच फिरली. एक सोडून तीन भेटी पडल्या.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिसऱ्या दिवशी मी ज्वारी दळायला याच पायरीवर अर्धा तास उभी होते. फोन माझ्या कमरेच्या पिशवीत होता.

दुपारी भाऊने भेट उघडली. गेममध्ये तसं दिसतं. मी आबांच्या उशाशी बसले आणि चार वर्षांचं सगळं सांगून टाकलं. बाग, पूल, दीपमाळ, बेडूक, सुतक. ते छताकडे बघत ऐकत होते.

"आठ दिस मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही देवळात जाऊ नको म्हणला होता."

"मी म्हणलो असतो, जा." ते पुन्हा म्हणाले, "जा म्हणलो असतो की मी."

मग त्यांनी डावा हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी त्या हिरव्या प्राण्यावर अंगठा ठेवला. तो टुणकन उडाला. आबांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. "बेडकावानी हाय," ते म्हणाले. "यापायी मारलं मी पोराला."

दिवेलागणीला भाऊची भेट आली. कोइमतूरचं रेल्वे स्टेशन. त्याच्या सोबतीच्या प्राण्याचं नाव चार वर्षं एकच होतं, मी ते गेमनेच दिलेलं समजत होते. ते बदललं होतं. निघालो, असं लिहिलं होतं. मी ते आबांच्या कानाशी जाऊन तीनदा वाचलं. नवव्या दिवशी ते दिवसभर घड्याळाकडे बघत होते. गाडी कुठवर आली असंल, विचारत होते. मी तोंडाला येईल त्या स्टेशनाचं नाव घेत होते.

दहाव्या दिवशी सकाळी, दूध पाजताना, ते गेले.

भावकी त्या दिवशी म्हातारीच्या दहाव्यासाठी जमलीच होती. तिथून सगळे तसेच आमच्या दारात आले. ऊन चढत होतं. म्हातारीचा थोरला लेक, म्हणजे माझे चुलत काका, म्हणाले, "थांबून उपयोग न्हाई. जल्दी करा. पोराचा पत्ता तरी हाय का कुणाला?"

"तो येतोय," मी म्हटलं.

"फोन आल्ता का?"

मी गेम उघडून फोन त्यांच्या हातात दिला. पंधरा-वीस माणसं त्यावर वाकली. काकांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक अक्षर वाचलं.  कुणी हसलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कुणी हसलं नाही.

"हे आपल्या पोराचंच हाय का बराबर?"

"त्याचंच आहे."

"तीर्थपुरीहून बर्फ आणा," काका म्हणाले. "दिस मावळंस्तवर थांबू."

भाऊ पाच वाजता आला. दाढी पांढरी झाली होती. उन्हं कलता कलता त्याने अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही देवळासमोरून परत येत होतो. माणसं पुढे गेली होती. भाऊ गिरणीच्या पायरीवर बसला, म्हणून मीही बसले.

"फोन का नाही केलास, निघालास तेव्हा?" मी विचारलं.

"तू काय सांगशील ह्याचं भ्याव वाटलं," तो म्हणाला. "पण तुझी भेट मधी आठ दिस आली न्हाई. चार दिस मी समजून घेतले. मंग वाटलं, तूही सोडलंस. काय झाल्तं?"

"सुतक होतं. देवळात जाता येत नव्हतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या दीपमाळेकडे. "पण मी तर कायम हितूनच करायचो," तो हळूच म्हणाला. "ह्या पायरीवरून. सुट्टीत आलो की. आबानं देवळात बघू न्हाई म्हणून. तुला कधी सांगितलंच न्हाई का मी?"

मला त्याचा इतका राग आला की वाटलं, आबांनी मारली तशी एक ठेवून द्यावी. मग माझाच आला. मग कुणाचाच नाही. आम्ही दोघं आबांना भिऊन एकाच देवळाच्या अल्याड-पल्याड उभे राहत होतो, आणि आबा खाटेवर घड्याळ बघत होते.

त्याने माझा फोन मागितला, गेम उघडला आणि त्या बेडकाचं नाव बराच वेळ वाचत बसला.

"बदल आता हे," तो म्हणाला. "बदलता येतं."

मला माहीत होतं. त्या पानावर तोही प्रश्न आहे. नाव बदलता येतं, कितीही वेळा.

"राहू दे," मी म्हटलं, आणि फोन पिशवीत टाकला.