बोटभर वर आलेली सळई

चाचणीतली सळई मी हातोडीनं परत खाली ठोकली होती. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. बेंगळुरातल्या आमच्या मोजणी ऑफिसात अंटार्क्टिकाच्या जमिनीत रोवायच्या खुणा करण्याचं काम माझ्याकडे आलं. खूण म्हणजे जाड लोखंडी सळई, वर पितळी टोपी. पुढची वर्षानुवर्षं तिच्यावरून उंच्या मोजायच्या, म्हणून ती जागची हलता कामा नये.

बोम्मसंद्र्याच्या एका शीतगृहात आइस्क्रीमच्या खोक्यांशेजारी ओल्या मातीचं पिंप ठेवून त्यात एक सळई रोवली. माती गोठली, सळई जागच्या जागी. मग एकदा बराच वेळ वीज गेली.

"करंट होयितु, सार!" तिथला राखणदार म्हणाला. तो निपाणीकडचा, पुढचं मराठीत. "आइस्क्रीमचं सरबत झालं, तुमच्या चिखलाचं काय घेऊन बसलाय?"

वीज आली, माती पुन्हा गोठली आणि सळई बोटभर वर आली. मी म्हटलं, विजेनं चाचणी बिघडवली. पिंप उन्हात ओढलं, माती सैल झाल्यावर सळई ठोकून पहिल्या पातळीला आणली, माती पुन्हा गोठवली. साहेबांनी पाहिलं, पास केलं.

घरी जाताना बसमध्ये उमगलं. तिथली जमीनही हेच करते. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, मग गोठताना फुगतो आणि सळईला धरून वर उचलतो. सळईभोवती ग्रीस भरलेली नळी घातली असती तर मातीला पकड मिळाली नसती. पण त्यासाठी सगळ्या सळया परत कारखान्यात न्याव्या लागल्या असत्या, आणि माल निघायची वेळ झाली होती. मी गप्प बसलो. सळया गेल्या.

पुढल्या वर्षी मोजणीला आमच्यातला बेळगावचा एक तरुण गेला. खडकावरच्या खुणेशी पडताळून त्यानं कळवलं, सळया वर आल्यात.

साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "चाचणीत काही हललं होतं?"

"नाही, सर."

मग साहेब त्या तरुणाकडे वळले, "क्यों भाई, चश्मा जम गया था क्या?" सगळे हसले. मीही हसलो.

कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. "अण्णा, तुम्हीच सांगा. खडक खाली जाईल, की सळई वर येईल?"

"थंडीत होतं रे असं. सोड."

त्याची मापं रद्द झाली. त्याला पुन्हा बाहेर पाठवलं नाही, नकाशांच्या टेबलावर बसवलं. तिथंच तो राहिला.

परवा कोरमंगल्यात एका लग्नात भेटला. केस पिकलेत. मोजणीचा विषय निघाला तसा स्वतःच म्हणाला, "तेव्हा माझाच डोळा चुकला असणार, अण्णा. तुमची चाचणी तर पक्की होती." मी त्याला जेवणाच्या पंगतीकडे घेऊन गेलो.

त्याची मापं बरोबर होती. हे त्याला तोंडावर आणि ऑफिसला लेखी सांगणं माझ्याकडे बाकी आहे.