वेणूला मारायचं पान

"वेणूला शेवटच्या पानावर मारायचं आहे," देवधर सर फोनवर म्हणाले. "लाटवीर तिला हातांवर घेऊन रडतोय. फुल पेज."

मी ब्रश पाण्यात बुडवला.

मी कॉमिक्सची चित्रं काढते. घर तारकर्लीत, प्रकाशक मुंबईत. लेखक स्क्रिप्ट पाठवतो, म्हणजे कुठल्या चौकटीत काय घडतं आणि कोण काय बोलतं ते. त्यावरून मी पेन्सिलीने पानं काढते. देवधर सर आमचे संपादक, ते पानं बघतात. मग मी त्यांवर शाई चढवते, त्याला इंकिंग म्हणतात. लाटवीर आमचा हिरो. समुद्रातून येतो, छाती रुंद, डोकं बेताचं. वेणू ही एका होडीवाल्याची मुलगी. इतकी वर्षं तिचं काम एकच: "लाटवीर, मागे बघा!" म्हणून ओरडायचं. या अंकात मात्र तिला शक्ती मिळणार होती. होडीवर वीज पडणार, वेणू चमकणार, लाटवीरला वाचवणार आणि मरणार.

"सर, आत्ता कुठे शक्ती मिळतेय तिला."

"म्हणून तर वाचकांना लागेल. नाहीतर लाटवीर चिडणार कसा?"

"दुसऱ्या कशाने तरी चिडू दे."

"स्क्रिप्ट अप्रूव्ह झालीय. जमत नसेल तर ते पान दुसऱ्याकडून करून घेतो."

दुसरा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. पण आमच्या धंद्यात एकाचं पान दुसऱ्याकडे गेलं की मागोमाग अंकही जातो.

वेणूचा चेहरा माझ्या भाचीचा, सायलीचा. भाऊ शेजारीच राहतो. सायली शाळेत जायला लागल्यापासून माझ्यासाठी पोझ देते आणि मी तिचे फोटो काढते, आता ती कॉलेजात आहे. या फोटोंना आम्ही रेफरन्स म्हणतो. हात कसा वळतो, कपडा कुठे चुरगळतो, ते त्यावरून काढता येतं. सकाळी मी तिला अंगणात बोलावलं आणि मरायला सांगितलं.

"माका कोण मारता?"

"कोण नाय गो. लाटवीराक वाचवता वाचवता मरतंस."

"म्हणजे आत्ताच पावर गावली नि लगेच मेलंय? मगे दिलंस कित्याक?"

सायली रागारागाने मागे सरकली. मागे दोन माडांना बांधून भावाने जाळं वाळत घातलं होतं, त्याच्या लोंबत्या टोकात पाय अडकून ती धाडकन आडवी झाली. तिचे केस कमरेपर्यंत. सुटायला धडपडली तशी आणखीच गुंतली. कशीबशी उभी राहिली, तर सगळं जाळं तिच्या डोक्यामागून ताणलं जाऊन वर उठलं. केस कुठे संपतात आणि जाळं कुठे सुरू होतं, कळेना.

मी फोन काढला.

"फोटो काय काढतंस? कातर हाड!" कातर आण म्हणून वहिनी ओरडली.

भाऊ धावत बाहेर आला. "जाळां कापू नको! केस काप!"

"बाबा!" सायली किंचाळली.

शेवटी वहिनीने खोबरेल ओतून एकेक बट सोडवली. सायली आधी रडली, मग फोटो बघून हसत सुटली. मी तोवर टेबलाशी जाऊन बसले होते.

वीज मी तशीच ठेवली. फक्त ती पडते तेव्हा वेणू खलनायकाच्या जाळ्यात अडकलेली असते. केस आणि जाळं एक होतात, हवे तेवढे लांबतात. शेवटच्या पानावर ती बुडत्या लाटवीरला केसांच्या जाळ्यात घालून किनाऱ्यावर ओढते आहे. मी दोन्ही पानं पाठवली, स्क्रिप्टमधलं मरणाचं आणि हे. मरणाचं पानही मन लावून काढलं होतं. ते मुद्दाम वाईट काढून जिंकणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"लाटवीर जाळ्यातल्या बांगड्यासारखा दिसतोय," सर म्हणाले.

"हो सर."

"लेखक भडकलाय."

"आणि तुम्ही?"

"दोन्ही पानं घरी दाखवली," ते म्हणाले. "मरणाचं बघून बायको 'अरेरे' म्हणाली आणि चहा करायला उठली. दुसरं बघून विचारलं, ही मुलगी पुढे काय करते? लाटवीरबद्दल तिने असं कधी विचारलं नाही. चढव शाई."

अंक निघाला. सायलीने शेवटचं पान उघडून "ह्यां नाक माजां नाय" एवढंच म्हटलं आणि मैत्रिणींना द्यायला माझ्याकडच्या बहुतेक प्रती उचलून नेल्या. वाचकांनी वेणूबद्दल इतकं विचारलं, की भडकलेला लेखक आता तिच्याशिवाय पान लिहीत नाही. पुढच्या महिन्यापासून तिची स्वतंत्र मालिका आहे.

आणि केसांच्या जाळ्याचा प्रत्येक दोरा शाईने मला काढावा लागतो, प्रत्येक चौकटीत. मनगटाला पट्टा बांधून हे लिहिते आहे. नुसती वीज ठेवली असती तर चार रेषांत भागलं असतं. नवीन चित्रकारांना मी आता एवढंच सांगते: पात्राला शक्ती जरूर द्या, पण ती काढायची कोणाला आहे, ते आधी बघा.