तोंडी परीक्षेचे वीस गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत फ्रेंच शिकवते. वाचता येतं, लिहिता येतं, व्याकरण तर पक्कं. पण समोरचा बोलायला लागला की — काही कळत नाही. कोर्स केला तोही पुस्तकावरूनच. शाळेत दुसरं कुणी फ्रेंच जाणणारं नाही. मग कळणार कुणाला?

मुक्ताला कळलं असतं. आठवीतली मुलगी, हातखंब्याहून एसटीने यायची. वडील एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकी. त्यांच्याकडून आणि मोबाइलवरून ती फ्रेंच बोलायला शिकली होती. लिहिताना चुकाच चुका, पण बोलायची भराभर. एकदा वर्गात उभी राहून तिने मला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मला एक शब्दही कळला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "आधी स्पेलिंग सुधार." ती खाली बसली.

त्याच आठवड्यात वर्षाच्या मूल्यमापनाचा आराखडा करायचा होता. तोंडी परीक्षेला वीस गुण असायचे. मुलं पाठ केलेली उत्तरं म्हणायची, मी गुण वाटून टाकायचे. पण मुक्ता थोडीच पाठ केलेलं म्हणणार होती? त्यात यंदा मुख्याध्यापिका स्वतः तोंडीला बसणार होत्या. मी ते वीस गुण काढले आणि व्याकरणात घातले.

त्यांनी विचारलं, "तोंडी का काढली?"

"मुलांना बोलता येत नाही, मॅडम. उगीच गुण जातील."

त्यांनी सही केली.

मुक्ता फ्रेंचमध्ये नापास झाली. तिला घेऊन तिची आई आली. "बाई, घरात तर ही सारखी फ्रेंच बोलते. बापाशी फोनवर पण तेच. मग नापास कशी?"

तेव्हा तरी खरं बोलायचं — नाही? मी मुक्ताच्या देखत म्हटलं, "ती नुसती बडबड आहे. त्याला भाषा येणं म्हणत नाहीत."

आईने मान डोलावली. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मलाच बोललेलं फ्रेंच समजत नाही, हे तिला कळलं होतं, असं मला वाटतं. नववीला तिने संस्कृत घेतलं. जिन्यात भेटली की "नमस्कार मॅडम" म्हणायची. मराठीत.

ती शाळा सोडून गेली, त्याला काही वर्षं झाली. यंदाचा आराखडाही मीच केला. तोंडी परीक्षा त्यात नाही.