तिकडे गेलेला

‘पुढच्या राऊंडला बघू, ताई.’

कशालाही त्याचं हे उत्तर ठरलेलं. गुडघ्याला बर्फ लावलास का? पुढच्या राऊंडला बघू. बायकोला घेऊन कुठेतरी चार दिवस फिरून ये की रे. पुढच्या राऊंडला बघू. राऊंड म्हणजे मोटरसायकलच्या शर्यतींचा एकेक मुक्काम, हे मला त्याच्यामुळेच कळलं. वर्षभरात असे काही राऊंड होतात, प्रत्येक ठिकाणचे गुण जमा होत जातात आणि शेवटी ज्याचे जास्त तो चॅम्पियन. त्याला एकदा, फक्त एकदाच, चॅम्पियन व्हायचं होतं.

कामोठ्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. क्लिनिक म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा, मध्ये पडदा, आणि डोक्यावर दहावीचे क्लासेस. इतकी वर्षं लोकांचे खांदे नि गुडघे ओढून आता माझेच दुखतात. खोटं कशाला बोलू, नवा पेशंट दारात दिसला की जिवावर येतं. येणारेही बहुतेक ऑफिसात बसून मान आखडलेले, नाहीतर बाथरूममध्ये पाय घसरलेले. त्यात एक दिवस हा आला. उरणजवळच्या जासईचा, अंगाने शिडशिडीत, हात गळ्यातल्या झोळीत.

‘कसं लागलं?’

‘पडलो.’

‘कुठून?’

‘गाडीवरून.’

झालं. मी हेल्मेट, वेग, उरणच्या रस्त्यावरचे ट्रेलर आणि घरी वाट बघणारी माणसं यांवर एक भलं मोठं प्रवचन झोडलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी बरोबर आलेली त्याची बायकोच म्हणाली, ‘मॅडम, ते रेसर हायत. ट्रॅकवर पडलेत. तिथे सगळेच पडतात.’ मी खांदा बघायला घेतला.

मग दर वर्षी सीझन संपला की तो यायचाच. पूर्वी घरची मिठागरं होती. जमीन सरकारने घेतली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, मोठा भाऊ ट्रेलरच्या धंद्यात शिरला. यालाही त्यात ओढायला घरचे टपलेले होते. हा मात्र दक्षिणेतल्या कुठल्या कुठल्या ट्रॅकवर जाऊन हाडं मोडून घ्यायचा आणि माझ्याकडे आणून द्यायचा. बोलणं मोजकं. दुखलं तरी ओरडायचा नाही, फक्त पलंगाची कड धरायचा. अशा पेशंटचा मला राग येतो. दुखतंय कुठे ते कळायला नको का?

पण क्लिनिकला यायचा तो स्कूटरवरून. बायकांची असते तसली, बिनगिअरची. मी चिडवायचे, ‘अरे, एवढा मोठा रेसर तू, शेजारपाजारचे काय म्हणतील?’ तेव्हा त्याने मला गिअर समजावून सांगितला. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीला पहिला गिअर पायाने खाली दाबून पडतो आणि पुढचे सगळे वर उचलून. त्यांच्या शर्यतीच्या गाडीला मुद्दाम उलटं करून घेतात. पहिला वर, पुढचे सगळे खाली दाबून. कारण डाव्या वळणावर गाडी इतकी आडवी झोपते की खाली पायाचं बोट घालायला जागाच उरत नाही. म्हणून रस्त्यावर तो गिअरची गाडी चालवतच नसे.

‘पायाला दोन सवयी नको,’ म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काळजी घेणारा माणूस जिंकत का नव्हता. मीही तेच विचारलं. तर त्यांच्या टीममध्ये दोन रेसर असत, आणि हा दोन नंबरचा. टीमच्या एक नंबरवाल्याला गुण हवे असले की पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या जागेतून, पाटी दाखवायचे, मग याने हात सैल सोडायचा आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. हे तो इतकं सहज सांगायचा की मीच उखडायचे. ‘तुला काहीच वाटत नाही का रे?’

‘सरांनी शिकवलंय ना मला. मी जासईवरून गेलो तेव्हा गाडी सरळ धरायची पन अक्कल नव्हती.’ सर म्हणजे त्या टीमचे मालक. ‘बघू पुढच्या राऊंडला.’

असे किती राऊंड गेले कोण जाणे. मग दुसरी स्पर्धा निघाली. नवी, झगमगाटाची, शहरांच्या नावांच्या टीमा, टीव्हीवर दिसणारी. जुन्या स्पर्धेच्या लोकांना ती मिरचीसारखी झोंबली. त्यांनी नियमच काढला: तिकडे जो एकदा धावेल त्याला इकडे दोन सीझन बंदी. तिकडच्यांनीही तसलंच काहीतरी काढलं. रेसर बिचारे मध्ये. तिकडून याला बोलावणं आलं ते टीममधला पहिला रेसर म्हणून. पाटी दाखवून थांबवणारं कुणी नाही.

तो क्लिनिकमध्ये आला आणि तपासायच्या पलंगावर न झोपता नुसता बसून राहिला.

‘ताई, खांदा अजून किती देईल?’

मी खांदा हलवून पाहिला. आत कटकट आवाज येत होता. खरं तेच सांगितलं, ‘एक सीझन. फार तर. त्यात पडू नकोस.’

‘मग जातो तिकडं.’

‘सर काय म्हणाले?’

‘बोलले, खुशाल जा. पन परत तोंड दाखवू नको.’ हे सांगताना त्याने पलंगाची कड धरली. मला वाईट वाटलं. बापासारखा मानायचा तो त्या माणसाला.

नव्या स्पर्धेत सगळ्यांना सारख्याच गाड्या, कंपनीतून आल्या तशा. हात लावायचा नाही, गिअरही उलटा करायचा नाही. म्हणजे याच्या पायाला आता सगळं नव्याने शिकणं आलं. त्याने स्कूटर बायकोला देऊन टाकली आणि एक जुनी गिअरची मोटरसायकल घेतली. सकाळ-संध्याकाळ उरण ते पनवेल, ट्रेलरच्या रांगेतून, बैलगाडीच्या वेगाने, नुसते गिअर बदलत जायचा. ट्रॅफिकमधले लोक वैतागून हॉर्न मारायचे. पलंगावर पालथा झोपला तरी डावं पाऊल चालूच. उचल, उचल, दाब.

‘पाय स्थिर ठेव रे बाबा, मला मशीन लावायचंय.’

‘सॉरी ताई.’ आणि क्षणात परत सुरू. शेवटी मी त्या पायावर वाळूची पिशवी ठेवायला लागले.

आणि काय सांगू, तो जिंकायला लागला. वरच्या क्लासचे सर मोबाइलवर रेस लावून खाली यायचे, मी मधला पडदा सारून बघायचे. शेवटच्या राऊंडला तो गुणांत पुढे होता. शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला असता तरी पुरे होतं. शेवटचा फेरा आला तेव्हा तो दुसरा होता. मागचा एकजण त्याला घासून आत घुसला, हा दचकला, आणि पुढच्याच क्षणी याची गाडी मागून उसळली आणि हा हवेत. मी स्क्रीनवर हात ठेवला. बघवेना.

हॉस्पिटलमधून आल्यावर त्याने स्वतःच सांगितलं. त्या माणसाला परत गाठायला वरचा गिअर हवा होता. पाय उचलायचा, तर याने दाबला. इतकी वर्षं दाबत आला होता तसाच. गाडी वरच्याऐवजी खालच्या गिअरात गेली आणि मागचं चाक जाम झालं.

‘अख्खा सीझन एकदा पन चुकलो नाय ताई. घाई झाली, आनि पाय जुन्या गाडीवर गेला.’

त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, पण फिजिओने रडून कसं चालेल. मी म्हटलं, ‘चल, बोटं हलवून दाखव.’

नव्या टीमने हात वर केले. जुन्यांची बंदी होतीच. ज्यांच्याबरोबर एका खोलीत राहिला, ते जुने सोबतीही फोन करीनात, कारण तिकडे गेलेल्याशी बोलताना कुणी पाहिलं तर पंचाईत. तो भावाच्या ट्रेलरच्या यार्डात जाऊन बसायला लागला. व्यायामाला मात्र नेमाने यायचा. मी थकायचे, तो थकायचा, खांदा काही केल्या सैल होईना.

बंदीचा दुसरा सीझन चालू होता आणि एके दिवशी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन्ही स्पर्धांचे मालक एकमेकांना पुष्पगुच्छ देत हसत होते. पुढच्या वर्षीपासून एकच स्पर्धा. सगळ्या बंद्या रद्द. शेजारी त्याचे सर उभे, तेही हसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अरे, मग एवढं सगळं कशासाठी केलं यांनी? तुमची हाडं मोडायला?’

‘जाऊ द्या ताई. नवीन येनाऱ्यांना बरं हाय.’ पुढे म्हणाला, ‘सरांचा फोन आला होता. पहिल्या राऊंडला बोलावलंय. शेवटचा झेंडा मी दाखवायचा.’

काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा तो झेंडा तुम्हीही पाहिला असेल. पहिला आलेला रेसर समोरून जातो तेव्हा उंच धरून फडकवतात. याचा उजवा हात खांद्याच्या थोडा वर जाऊन अडकत होता. मी म्हटलं, डाव्याने दाखव की. तर नाही म्हणाला. तिथे सगळे असणार, सर असणार, हात तुटलेला दिसायला नको.

मग आम्ही दोघं त्या हाताच्या मागे लागलो. शेक, दोरी, भिंतीवर बोटांनी चढणं. इतर पेशंट बाहेर ताटकळत. तो घामाघूम व्हायचा, पलंगाची कड धरायचा, आणि पहिल्यांदाच आई गं म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी मी मोजलं. हात कानापर्यंत आला. त्याच्या वर नाही. मी त्याला सांगितलं, ‘छान आहे, जा.’

रविवारी मी घरी मोबाइल लावून बसले. शर्यत संपत आली. झेंडा घेऊन चबुतऱ्यावर चढला तो सिनेमातला कुणी एक तरुण, काळा चष्मा लावलेला. लोक त्याच्या नावाने ओरडत होते. मी मागच्या गर्दीत शोध शोध शोधलं. एका बाजूला, सरांच्याही बराच मागे, पांढऱ्या शर्टात हा उभा होता. कॅमेरा क्षणात पुढे सरकला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे स्टेशनची घोषणा ऐकू येत होती.

‘बघितलंत का ताई? ऐन टायमाला पाहुना आला त्यांचा. सर बोलले, समजून घे. घेतलं.’ मग म्हणाला, ‘पन हात गेला असता वर. सकाळी हॉटेलात आरशासमोर करून बघितला. पूर्न गेला.’

पूर्ण गेला नव्हता. तो खांदा मला माझ्या स्वतःच्या खांद्यापेक्षा जास्त माहीत आहे. तसा तो कधीच जाणार नव्हता.

‘गेला असता रे,’ मी म्हटलं. ‘मी मोजला होता ना.’

‘तेच घरी सांगतो,’ तो म्हणाला, आणि त्याची गाडी लागली. त्यानंतर तो व्यायामाला आला नाही.