मनियाराच्या फटफटीचा विमा

बोलण्यात आमच्या काष्टीच्या मनियाराला हरवील असा माणूस श्रीगोंदा तालुक्यात जन्मला नाही, आणि बाकीच्या नगर जिल्ह्यात जन्मला असलाच तर तो त्याच्यासमोर यायला धजावला नाही. मी सुतार, तीन बुकं शिकलेला. याचं बांगड्यांचं दुकान माझ्या कामाच्या छपराला लागून, त्यामुळं रंधा मारता मारता मी त्याचं जेवढं ऐकलं तेवढं त्याच्या बायकोनंही ऐकलं नसेल. पण हे बोलणं म्हणजे नुसती खोड नव्हती, धंद्याची गरज होती. काचेची बांगडी चढवायची तर बाईचा पंजा दाबावा लागतो. दाबला की दुखतं, दुखलं की ती हात आखडते, आणि बांगडी वाढते. फुटते असा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नाही. म्हणून पंजा हातात आला रे आला की हा सुरू व्हायचा : "काय गं ताई, म्हैस व्याली का? पारडी का रेडा? चीक काढला का न्हाई?" ती सांगेपर्यंत चार बांगड्या मनगटावर. तिच्या उत्तराकडे याचं लक्ष नसायचंच, सगळं ध्यान अंगठ्याच्या हाडाकडे. एकदा एकीनं "मामंजी वारले" म्हणून सांगितलं, तर हा "ब्येस झालं, ब्येस झालं" म्हणाला. तिच्या नवऱ्यानं दाराआडून खाकरून त्याला भानावर आणलं.

दुसरी मोठी लढाई संपली आणि नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. हा माल भरायला म्हणून गेला. गेला घोडीवर, आला दुसऱ्याच्या बैलगाडीत, शेजारी आडवी केलेली फटफटी. घोडी तिकडंच विकली होती. फटफटी शिकायला माझ्या बाजरीच्या मोकळ्या रानात आला. पण घोडीची सवय कुठं जाते! बसण्याआधी टाकीवर थोपटायचा, वळणावर जिभेनं टकटक करायचा, आणि थांबायच्या वेळी ब्रेक सोडून "हो, हो" म्हणायचा. पहिले चार दिवस ती कडब्याच्या गंजीत शिरूनच थांबली. पाचव्या दिवसापासून मात्र असा हात बसला की मागं पाण्यानं भरलेली घागर धरून मी बसलो तरी थेंब सांडायचा नाही. मागची बैठक मीच केली होती, सागवानी. लष्करालाही तशी जमली नसती, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे.

लायसन मिळालं. पण विम्याच्या कागदाशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असा कायदा तेव्हा नवाच लागू झाला होता. आणि संक्रांत तीन आठवड्यांवर. संक्रांतीला घरोघरच्या बाया नव्या बांगड्या भरतात. श्रीगोंदा, पेडगाव, बेलवंडीचे बाजार त्या दिवसांत गाठले तरच मनियाराचं वर्ष निघतं. कागद नाही तर बाजार नाही, आणि माघारी जायला घोडीही नाही.

मग आगगाडीनं नगरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं एका माडीवर विम्याचा एजंट बसायचा, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेला, शांत. मनियारानं पहिल्याच दिवशी त्याला "सगळ्याचा इमा करा" म्हणून सांगितलं, आणि त्यानं जो हप्ता सांगितला त्यात आणखी एक घोडी आली असती. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो.

"तुम्ही नवे चालवणारे," एजंट म्हणाला, "त्यात गाडी जुनी, लष्करातली. हप्ता जास्तच पडणार. मात्र तुम्हाला जर—"

"नवा मी फटफटीवर हाय सायेब, रस्त्यावर न्हाई," मनियार म्हणाला. "तीस वर्सं काच घिऊन हिंडतोय. इचारा ह्या मिस्त्रीला! घोडं उधळलं, वढ्याला पानी आलं, पर माल वाढला न्हाई. तुमच्या कंपनीत हाय का असा मानूस?"

"अहो, पण कायद्याला फक्त—"

"कायद्याला मी कवा न्हाई म्हनलं? घरी मुलं किती तुमाला? थोरलीचं लगीन झालं का?"

आणि मी बघतो तो काय, यानं बोलता बोलता एजंटाचा पंजा हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी दाबायला सुरुवात केली होती! तो बिचारा हात सोडवून घेण्यात गुंतला आणि आमच्या आगगाडीची वेळ झाली. डब्यात मी म्हणालो, "आरं, त्या मानसाला जरा बोलू दे की!"

"बोलू दिलं की दर सांगतोय त्यो."

पुढच्या बाजारी तो एजंटच काष्टीत आला. गाय घ्यायची होती त्याला. मनियारानं त्याला जनावरांच्या गर्दीतून हुडकून काढलं आणि थेट माझ्या रानात आणलं. स्वतःच्या गळ्यात बांगड्यांच्या चार माळा अडकवल्या, एजंटाला माझ्या सागवानी बैठकीवर बसवलं आणि म्हणाला, "एक जरी वाढली तर तुमचा दर कबूल." मी बांधावर उभा राहिलो. फटफटी धसकटांतून निघाली, आणि निघाली ती तोफखाना सुटल्यासारखी. मनियाराचे ओठ हलत होते, पण त्या आवाजात त्याचं त्यालाही काही ऐकू येत नसावं. उलट एजंटाचं तोंड नेमकं त्याच्या कानापाशी. तिसऱ्या फेरीला तो बेंबीच्या देठापासून ओरडला, ते मला बांधावर ऐकू आलं :

"अहो, तुम्हाला सगळ्याचा विमा लागतच नाही!"

मनियारानं ब्रेक दाबला. एजंट त्याच्या पाठीवर आला, त्याचे हात गळ्यातल्या माळांवर, आणि दोन माळा जागीच वाढल्या.

"सरकार मागतं तो नुसता तिऱ्हाइताचा विमा," तो चष्मा सावरत म्हणाला. "तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर कंपनी भरून देते. गाडी मोडली, तुम्ही पडलात, तर काही नाही. हप्ता अगदी थोडा."

"मग हे आदी का न्हाई सांगितलं?"

"तीन खेपा तेच सांगतोय मी!"

हसून हसून मी धसकटांतच बसलो. मनियार मात्र हसला नाही. त्यानं अंगावरच्या काचा झटकल्या. मग म्हणाला, "म्हंजी मी पडलो तर मला काय न्हाई. पर रस्त्यावरच्या मानसाला हाय?"

"त्याला आहे."

"मग ह्योच इमा खरा. रस्त्यावरच्या मानसानं काय मला फटफटी घ्यायला सांगितली न्हवती."

त्या संक्रांतीला त्यानं तिन्ही बाजार केले. कागद मेणकापडात घालून बंडीच्या खिशात ठेवायचा. त्याला तो कधी कुणा फौजदारानं विचारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पेडगावहून परतताना तो पुढं गेलेला, मी मागून बैलगाडीत फळ्या घेऊन येत होतो. वळणावर बघतो तर फटफटी रस्त्याकडेच्या चारीत आणि हा बाभळीच्या काट्यांत, उजवा हात खांद्यापासून लोंबतोय. डोक्यावर सरपणाची मोळी तशीच घेऊन एक म्हातारी त्याच्यासमोर उभी. तिला वाचवायला यानं गाडी बाभळीत घातली होती. डाव्या हातानं खिसा चाचपत तो तिला म्हणत होता, "आजे, खरं सांग, लागलं का तुला? भिऊ नको, कागद हाय माज्याजवळ."

"न्हाई रं बाबा, तुजंच बघ आदी."

"माजं न्हाई त्यात."

मी त्याला उचलून फळ्यांवर निजवलं आणि काष्टीची वाट धरली. त्याचा तो हात पुढं पुरता वळला नाही, आणि बांगड्या भरायला त्याची बायको बसू लागली. आज तो नाही, फटफटीही नाही. पण गाडीत कण्हता कण्हता त्यानं मला विचारलेलं अजून कानात आहे :

"मिस्त्री, म्हातारी लंगडत हुती का रं?"

"न्हाई. गप पड."

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "नीट बघितलंस ना? म्हातारी मानसं सांगत न्हाईत."

एकदा निघालेली गाडी मी बापाच्या सांगण्यावरूनही कधी माघारी घेतली नव्हती. त्या दिवशी बैल वळवले.